दगडी तासणी आणि हातातले ज्ञान

एखाद्या वस्तीला किंवा जमातीला मागासलेले म्हणायचे असले की ‘हे लोक अजून अश्मयुगात आहेत’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. भाषणात म्हटले जाते, वर्तमानपत्रात छापले जाते, वर्गातही ऐकू येते. हा शब्दप्रयोग बहुधा पाड्यावर राहणाऱ्या, दगड फोडणाऱ्या, कातडे कमावणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवलेला असतो. अश्मयुग म्हणजे अडाणीपण हे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतच तपासले पाहिजे. दगडाचे हत्यार कसे घडत होते आणि कशासाठी घडत होते हे एकदा नीट समजून घेतले, तर अडाणीपण नेमके कोणाच्या पदरात घालायचे हा प्रश्न नव्याने उभा राहतो.

मी घोटीला महाविद्यालयात इतिहास शिकवतो. कळसूबाईच्या रांगेलगतचा हा सारा मुलूख काळ्या पाषाणाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. ते थंड होताना आतल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत खनिजे विरघळलेले पाणी झिरपत गेले आणि त्यातून गारगोट्या, अकीक, कॅल्सेडनी, जास्पर असे दगड तयार झाले. घोटीहून सिन्नरला जाणाऱ्याला तिथले ‘गारगोटी’ संग्रहालय माहीत असते. तिथे काचेच्या पेटीत ठेवलेली खनिजे याच काळ्या खडकाच्या पोटातून निघालेली आहेत. विहीर खणणाऱ्या आणि खाणीत सुरुंग भरणाऱ्या माणसाला मात्र ती कधीपासूनच ठाऊक होती.

अश्मयुगाची इंग्रजी पुस्तके उघडली की पानोपानी ‘फ्लिंट’ हा शब्द येतो. फ्लिंट हा युरोपात खडूच्या थरांत सापडणारा, सिलिकाचा बनलेला गुळगुळीत दगड. इंग्लंडमध्ये ग्राइम्स ग्रेव्ह्ज येथे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी त्यासाठी खोल खाणी खणल्या आणि खणण्यासाठी सांबरासारख्या हरणाची शिंगे कुदळीसारखी वापरली. आपल्या पठारावर तो खडूचा थर नाही, म्हणून तो फ्लिंटही नाही. परंतु त्याची सख्खी भावंडे आपल्या नद्यांच्या वाळूत पडलेली आहेत. अकीक, कॅल्सेडनी, जास्पर, चर्ट हे सगळे मूलतः सिलिकाच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कमरेच्या चंचीत जी चकमक असे, तिच्यातला दगड याच कुळातला. पोलादाच्या तुकड्यावर त्याची धार आपटली की पोलादाचा बारीक कण तासला जाऊन पेटतो आणि सावरीच्या कापसावर पडतो. ठिणगी दगडाची दिसते, पण जळते लोखंड. दगडाचे काम ते तासण्याचे. लोखंडाला तासू शकेल इतका तो दगड कठीण असतो.

कठीणपणा एवढाच गुण असता तर त्याचे हत्यार झाले नसते. त्याचा खरा गुण त्याच्या फुटण्यात आहे. लाकडाला रेषा असते, पाटीच्या दगडाला पापुद्रे असतात. ती त्या रेषेने, त्या पापुद्र्यानेच फुटतात. सिलिकाच्या या दगडांना आतून अशी ठरलेली वाट नाही. ते काचेसारखे फुटतात. घाव जिथे बसला तिथून बळ सुळक्यासारखे आत पसरते आणि एक ढलपी सुटून येते. त्या ढलपीच्या आतल्या अंगाला घावाच्या जागेखाली एक छोटा फुगवटा असतो. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलये त्याच्यापासून निघून पसरलेली दिसतात. ऊन-पाण्याने आपोआप फुटलेल्या दगडावर ही खूण सहसा नसते. म्हणूनच नदीकाठच्या हजारो गोट्यांतून माणसाच्या हाताने घडलेला दगड ओळखता येतो. ढलपीची कड इतकी पातळ असते की ताजी असताना ती पोलादी पात्याच्या तोडीची कापते.

आता घडवण्याकडे वळू. पहिले काम दगड निवडण्याचे. आतून तडा गेलेला दगड कितीही देखणा असला तरी निरुपयोगी, कारण घाव घातला की तो तड्यावरच फुटतो. म्हणून तो आधी वाजवून पाहावा लागतो. एकदा मी काही विद्यार्थ्यांना घेऊन ओढ्याच्या पात्रात याच कामाला बसलो होतो. डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून चष्मे लावले होते. वर्गात कधी न बोलणारा एक मुलगा दगड उचलून दुसऱ्या दगडाने हळूच ठोकायचा आणि ‘हा बद्द बोलतो, टाका, हा खणखणीत आहे’ असे सांगत दोन ढीग करायचा. त्याचे वडील खाणीवर दगड फोडतात. त्याने वेगळे केलेले दगड आम्ही फोडून पाहिले. त्याचा कान पुस्तकापेक्षा पुढचा होता. या ज्ञानाला आपल्या परीक्षेत गुण नाहीत, एवढेच.

दुसरे काम कोनाचे. घाव घालायची सपाट जागा आणि ज्या अंगावरून ढलपी काढायची ते अंग, यांच्यातला कोन काटकोनापेक्षा कमी असावा लागतो. कोन मोठा झाला की हातोड्याचा दगड नुसता आपटतो, ढलपी निघत नाही. घाव कडेच्या किती आत घालायचा, किती जोराने, कोणत्या तिरकसपणाने, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. कारण प्रत्येक ढलपीनंतर दगडाचा आकार बदललेला असतो. म्हणजे पुढचे तीन-चार घाव डोक्यात मांडून मगच पहिला घाव घालायचा. कडेचा भाग पातळ करायचा असला तर दगडाऐवजी शिंगाचा किंवा कठीण लाकडाचा हातोडा घेतात. तो घाव मऊ बसतो आणि ढलपी लांब, पातळ निघते. त्याहून नाजूक काम घावाने होत नाही. हाडाच्या किंवा शिंगाच्या टोकाने कडेवर दाब देऊन बारीक कपच्या उडवाव्या लागतात.

या कौशल्याचा प्रवास फार लांबचा आहे. केनियात लोमेक्वी येथे ३३ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे मिळाली आहेत. भारतात रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे पहिली हातकुऱ्हाड सापडली. त्याच भागातल्या अत्तिरमपक्कम येथील हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातात, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. आपल्या गोदावरीचाही या इतिहासात लवकर उल्लेख झाला. १८६० च्या दशकातच पैठणजवळ मुंगी येथे नदीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरात अकीकाची एक ढलपी मिळाली होती. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील ह. धी. सांकलिया यांनी गोदावरीच्या खोऱ्यातील पुराश्मयुगीन हत्यारांवरचा आपला ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध केला. त्याचे क्षेत्र नाशिकजवळचे गंगापूर. ज्या नदीचे तीर्थमाहात्म्य आपल्याला घोकवले गेले आणि ज्या नदीकाठी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, त्या नदीच्या गोट्यांत सर्व तीर्थांहून जुना पुरावा पडलेला होता. तो मानवी श्रमाचा होता.

नगर जिल्ह्यातील, आता अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातील, नेवासे येथे प्रवरेच्या काठी ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. तिथे १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. खालच्या, जुन्या थरात काळ्या पाषाणाच्या मोठ्या हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेच्या फरश्या. वरच्या, नंतरच्या थरात चर्ट, जास्पर, अकीक यांची लहान हत्यारे, विशेषतः तासण्या. जवळच चिर्की येथे गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन संशोधक बाईंनी १९६६ ते १९६९ या काळात खणले, तेव्हा त्या काळ्या पाषाणाच्या मोठ्या हत्यारांची घडवण्याची जागाच हाती लागली. या दोन थरांमधला फरक म्हणजे विचारातला मोठा पल्ला आहे. हातकुऱ्हाड करताना गोट्यातला नको तो भाग काढत गेले की उरते ते हत्यार. नंतरच्या पद्धतीत दगडाचा गाभा अगोदर कासवाच्या पाठीसारखा घडवून ठेवायचा आणि मग एका घावात हव्या त्या आकाराची ढलपी काढायची. हत्यार दिसण्याआधीच त्याचा आकार कारागिराच्या मनात पूर्ण तयार असतो.

त्याच्याही पुढची पायरी पात्यांची. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे शां. अ. साळी यांनी १९७२-७३ साली केलेल्या उत्खननात पात्यांची हत्यारे मिळाली, आणि त्यांच्याबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी व कोरीव नक्षीचा तुकडाही मिळाला. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. गाभ्यावर एक सरळ कणा तयार करायचा, त्या कण्यावरून पहिले पाते काढायचे, मग त्याने सोडलेल्या कडांवरून दुसरे, तिसरे. थोड्या दगडातून पुष्कळ धार मिळवण्याची ही युक्ती. पुढे ही पाती आणखी लहान झाली. नखाएवढे तुकडे लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने, राळेने ओळीने बसवायचे की त्यांचा विळा होई, बाण होई, भाल्याचे टोक होई. एक तुकडा मोडला तर तेवढाच बदलायचा. सुटा भाग बदलण्याची जी सोय आज आपण यंत्रात वाखाणतो, तिची कल्पना एवढी जुनी आहे.

ही हत्यारे कशासाठी वापरली, हे पूर्वी आकारावरून अंदाजाने सांगत. त्याला शास्त्राचा पाया घातला तो सोव्हिएत संशोधक सेर्गेई सेमियोनोव्ह यांनी. त्यांचा ग्रंथ १९५७ साली रशियनमध्ये आला. हत्याराची धार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की कामाने पडलेले ओरखडे आणि झीज दिसते. पुढे लॉरेन्स कीली यांनी नवी हत्यारे बनवून त्यांनी मांस, कातडे, लाकूड, हाड, गवत यांवर प्रत्यक्ष काम केले आणि प्रत्येक कामाची चकाकी वेगळी असते असे दाखवले. त्यांचे पुस्तक १९८० चे. धान्याची ताटे कापलेल्या पात्यावर नुसत्या डोळ्यांना दिसेल अशी झळाळी चढते. लाकडाची चकाकी वेगळी. आणि कातड्यावर चाललेल्या धारेची कड गोलावते, तिच्यावर मंद, खरबरीत तुकतुकी येते. कारागीर गेला, त्याचे नाव गेले, पण त्याने कोणते काम केले याची साक्ष धारेने धरून ठेवली.

आता तासणीकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या लेखाचा गाभा तीच आहे. तासणी म्हणजे ढलपीच्या कडेवरून बारीक कपच्या उडवून मुद्दाम जाड, उभी आणि किंचित गोलसर केलेली धार. मूळ ढलपी वस्तऱ्यासारखी धारदार असताना ती बोथट का करायची? उत्तर मला पुस्तकाआधी घरात मिळालेले होते. आमच्याकडे कातडे कमावण्याचे काम होते. आजोबांच्या उतारवयात मी ते पाहिले आहे. चुन्याच्या पाण्यात भिजलेले कातडे ते उतरत्या लाकडी ओंडक्यावर पसरायचे आणि दोन मुठींच्या सुरीने आतल्या अंगाची चरबी व मांस खरवडून काढायचे. ती सुरी ते कधीही फार धारेची ठेवत नसत. धार तीक्ष्ण झाली तर कातडे कापले जाते, बोथट झाली तर चरबी निघत नाही. आणि कोपरा टोकदार राहिला तर कातड्याला भोक पडते. नेवाशाच्या तासणीच्या धारेत जी अक्कल आहे, ती आणि आजोबांच्या सुरीतली अक्कल एकच. आजोबांना अक्षरओळख नव्हती. बाभळीची साल किती, हिरडा किती, कातडे कुंडात किती दिवस ठेवायचे, हे सारे त्यांच्या बोटांत आणि नाकात होते.

याच हातांनी केलेल्या कातड्याची मोट गावच्या विहिरीत उतरत असे. मळे भिजत, गावाचे पोट भरत असे. मोट विहिरीला चालत होती; मोट करणारा चालत नव्हता. आजोबा हे सांगताना रागावत नसत. ते नुसते सांगत, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याला जास्त लागत असे.

कोणी म्हणेल, काम घाण असते म्हणून करणारा हलका ठरतो. अश्मयुगाचा पुरावा या म्हणण्याला साथ देत नाही. तासणी ही जगभर सापडणारी हत्यारे आहेत. शिकारीवर जगणाऱ्या प्रत्येक टोळीत कोणीतरी जनावर सोलत होते, कोणीतरी कातडे खरवडत होते. बाह्मणाचे, मराठ्याचे, महाराचे, चांभाराचे, साऱ्यांचे पूर्वज याच कामातून आले आहेत. कामाला विटाळ नंतर चिकटवला गेला. हे समजायला इथिओपियाचे उदाहरण फार उपयोगी आहे. तिथल्या दक्षिणेकडच्या गामो आणि कोन्सो या समाजांत कातडे खरवडायला घडवलेली दगडी तासणी अगदी अलीकडेपर्यंत वापरात राहिली, आणि म्हणून जगभरचे संशोधक अश्मयुग समजून घ्यायला त्यांच्याकडे गेले. कोन्सोत हे काम मुख्यतः बायका करतात; दगड निवडणे, घडवणे, मुठीत बसवणे, धार पुन्हा काढणे, सारे त्यांचेच. ‘अश्मयुगीन पुरुष’ असे चित्र रंगवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. परंतु त्याच समाजांत हे कारागीर हलके मानले जातात. गामोंमध्ये त्यांना परंपरेने जमीन कसायला मिळत नसे, आणि त्यांच्याशी इतरांचा बेटीव्यवहार होत नाही. तिथे मनुस्मृती नाही, तरी कातड्याला हात लावणाऱ्याभोवती रेघ ओढलेली आहे. याचा अर्थ असा की ही रेघ एखाद्या देवाने किंवा दगडाने ओढलेली नाही. जिथे काही माणसे दुसऱ्यांच्या श्रमावर जगू लागली तिथे ती ओढली गेली, आणि आपल्याकडे तिला धर्माचा शिक्का मिळून ती सर्वांत खोल गेली.

रेघेची सुरुवात महाराष्ट्राच्या मातीत कुठे दिसते का? इथे सावधपणे बोलले पाहिजे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातले ते शेतकऱ्यांचे गाव. तांबे होते, पण दुर्मिळ. संगमनेरजवळच्या जोर्वे येथे १९५०-५१ साली तांब्याच्या सहा कुऱ्हाडी मिळाल्या. रोजचे कापणे, सोलणे, कापणी करणे हे कॅल्सेडनीच्या पात्यांवरच चालत होते. त्या इनामगावात घरांची मांडणी पाहून म. के. ढवळीकर आदी संशोधकांनी असे मांडले की मुखियाचे आणि खात्यापित्या कुटुंबांची घरे मध्यभागी होती, आणि कारागिरांची वस्ती पश्चिमेच्या कडेला होती. ही जात नव्हे आणि महारवाडाही नव्हे. एवढ्या पुराव्यावरून तसे म्हणणे शास्त्राला सोडून होईल. परंतु घडवणारा हात गावाच्या मधून कडेला सरकू लागला होता, एवढे अंतर तिथे मोजता येते. त्या कडेपासून गावकुसाबाहेरपर्यंतची वाट पुढच्या व्यवस्थेने पूर्ण केली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले की जातीने नुसती कामे वाटली नाहीत, तिने काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडून उतरंडीत बसवले. अश्मयुगाच्या संदर्भात हा विचार वाचला की त्याचा आणखी एक पदर उलगडतो. दगड घडवणाऱ्याचे डोके आणि हात एकाच माणसात होते. कोन ओळखणारा आणि घाव घालणारा वेगळा नव्हता. जातीने हे दोन्ही तोडले. डोके एकाकडे ठेवले, हात दुसऱ्याकडे, आणि मग ज्याच्याकडे हात उरले त्यालाच अडाणी म्हटले. वास्तविक डोके त्याच्याकडेही होतेच. जात्याला टाकी लावणाऱ्या बाईकडे होते, दगड वाजवून पाहणाऱ्या वडाराकडे होते, कातड्याची जाडी बोटाने सांगणाऱ्या माझ्या आजोबांकडे होते. फक्त त्याची नोंद ठेवणारी लेखणी त्यांच्या हाती नव्हती.

दगडाने या माणसांना दिले तसे त्यांच्याकडून घेतलेही. इंग्लंडात ब्रँडन येथे बंदुकीच्या चकमकी घडवणारे कारागीर दगडाच्या धुळीने छाती पोखरून लवकर मरत. गुजरातेत खंबातला अकीकाचे मणी आजही हाताने घडतात. तिथला कारागीर दगड आधी भट्टीत तापवतो, मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर टेकवून शिंगाच्या हातोडीने ठोकतो. या कसबाचा धागा थेट हडप्पाकाळापर्यंत मागे जातो, म्हणून संशोधक तो कौतुकाने टिपतात. त्याच अकीकाची घासाई करणाऱ्यांच्या फुफ्फुसांत सिलिकाची धूळ बसते आणि त्यांना सिलिकोसिस होतो. मणी संग्रहालयात जातो. धूळ कामगाराच्या छातीत राहते. आपल्याकडच्या खडी-क्रशरवर आणि बोगद्यांच्या कामावर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकावर चांगला मास्क आहे की नाही, दगडावर पाणी मारले जाते की नाही, हे विचारणे म्हणूनच अश्मयुगाच्या अभ्यासाबाहेरचे नाही.

संग्रहालयातल्या पाटीवर ‘हातकुऱ्हाड, काळा पाषाण, पुराश्मयुग’ एवढेच लिहिलेले असते. आपल्या मुलांना तिथे नेले पाहिजे, आणि त्या पाटीवर जे लिहिलेले नाही ते सांगितले पाहिजे: हे हत्यार करणाऱ्याला दगडाचा आवाज कळत होता, कोन कळत होता, पुढचा घाव दिसत होता. ते ज्ञान होते. ते आपल्या हातांतून आले आहे, त्याची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. आणि पुढच्या वेळी कोणी कोणाला ‘अश्मयुगातले’ म्हणेल, तेव्हा त्याच्या हातात एक गारगोटी द्यावी आणि एक धड तासणी करून दाखवायला सांगावे.